मुलाच्या नांवें केलेला दावा

आपल्या मुलाच्या नांवें मागितलेली नुकसानभरपाई आईबापांनीं आपण होऊन सोडून द्यावी काय, आणि द्यावी तर कोणत्या कारणास्तव, हा प्रश्न वरवर पाहतां वकिलांचा वाटतो. परंतु वकील फार तर दावा काढून घेण्याचा अर्ज कसा लिहावा तें सांगेल. तो लिहावा कीं लिहूं नये हें सांगणें त्याच्या विद्येबाहेरचें आहे. या अंकीं आम्ही हा प्रश्न अमेरिकेंतील एका व्यवस्थेच्या आधारें आमच्या वाचकांपुढें मांडीत आहों. लस टोचल्यामुळें मुलास इजा झाली अशी तक्रार ऐकून घेऊन तिची भरपाई करण्याची जितकी बारकाईची योजना त्या देशानें केली, तितकी फार थोड्या देशांनीं केली असेल. आणि योजना जितकी बारकाईची, तितके तिच्यांतून जाणाऱ्या माणसांच्या मनाचे पेंच अधिक उघडे पडतात. आमच्या खेड्यापाड्यांतील मंडळींस अशा न्यायालयाशीं काम पडण्याचा संभव थोडा. पण ज्यास स्वतः बोलतां येत नाहीं अशा मुलाच्या वतीनें बोलण्याचा प्रसंग कोणाला येत नाहीं?

प्रथम त्या योजनेची हकीकत. १९८० नंतरच्या कांहीं वर्षांत अमेरिकेंत घटसर्प, डांग्या खोकला व धनुर्वात यांवरील त्रिगुणी लसीविरुद्ध शेंकडों दावे झाले. लस टोचल्यावर मुलास आंकडी आली व पुढें त्याची बुद्धि वाढली नाहीं, असें आईबापांचें म्हणणें होतें. दाव्यांच्या धास्तीनें लस बनविणारे कांहीं कारखाने तें काम सोडूं लागले, लसीची किंमत चढली, आणि पुरवठा तुटून डांग्या खोकल्यानें पुन्हां मुलें दगावतील अशी भीति पडली. तेव्हां १९८६ च्या नोव्हेंबर महिन्यांत अध्यक्ष रेगन यांच्या सहीनें एक कायदा झाला, आणि १९८८ च्या ऑक्टोबरपासून त्याप्रमाणें अर्ज घेण्यांत येऊं लागले.

त्या कायद्याची रचना अशी. लसीची एक मात्रा जितक्या रोगांस आळा घालते तितक्या रोगांबद्दल, दर रोगास ७५ सेंट याप्रमाणें, तिच्यावर अबकारी कर बसतो. त्रिगुणी लसीवर अर्थात् सव्वादोन डॉलर. हा पैसा एका निराळ्या निधींत जमतो. ज्यास इजा झाली असें वाटतें त्यानें प्रथम कारखान्यावर फिर्याद न करतां वॉशिंग्टन येथील एका न्यायालयाच्या खास न्यायाधिकाऱ्यांपुढें अर्ज करावयाचा. तेथें प्रतिवादी म्हणून देशाचें आरोग्यखातें उभें राहतें. कोणाचा निष्काळजीपणा झाला हें दाखवावें लागत नाहीं. कोणत्या लसीनंतर किती वेळांत कोणता विकार झाला असतां तो लसीमुळेंच झाला असें धरावें, याचा एक तक्ता कायद्यास जोडलेला आहे. विकार त्या तक्त्यांत बसला तर अर्जदाराचें काम पुष्कळ सोपें होतें. न बसला तर कार्यकारणसंबंध वैद्यकीय पुराव्यानें सिद्ध करावा लागतो. आजवर या निधींतून पांच अब्ज डॉलरांहून अधिक रक्कम देण्यांत आली आहे. हा आंकडा मोठा दिसतो खरा. परंतु सरकारी हिशेबाप्रमाणें दर दहा लाख मात्रांमागें भरपाई मिळालेला माणूस साधारणपणें एक पडतो. त्यांतही सुमारें शेंकडा साठ ठिकाणीं भरपाई तडजोडीनें दिली गेली. म्हणजे लसीनेंच इजा झाली असा निष्कर्ष न काढतां.

ही भरपाई भिक्षा नव्हे आणि दंडही नव्हे. गांवांतील बहुतेक मुलांनीं गोवराची सुई टोचून घेतली म्हणजे ज्यास अजून टोचतां येत नाहीं असें तान्हें मूलही त्या रोगापासून वांचतें. प्रत्येक मूल थोडें स्वतःसाठीं व थोडें शेजाऱ्यासाठीं टोचून घेत असतें. या शेजारधर्मांत एखाद्यास खरोखरच इजा झाली तर तिचा भार सर्वांनीं उचलावा, हा साधा न्याय आहे. जर्मनीनें १९६१ सालीं व इंग्लंडनें १९७९ सालीं असे कायदे केले ते याच विचारानें. आणि अशी इजा कधींच होत नाहीं असें म्हणणें खोटें होईल. पोलिओचे जे थेंब तोंडांतून देत, त्यांपासून लाखों मात्रांत एखाद्यास पोलिओच होत असे. म्हणून अमेरिकेनें २००० सालापासून ते थेंब बंद करून टोचावयाची लस पत्करली. १९९८ सालीं तेथें बालकांच्या जुलाबावर रोटा विषाणूची एक लस निघाली. ती घेतलेल्या कांहीं बालकांचें आंतडें आंतड्यांत शिरून अडथळा होतो असें नोंदविलेल्या तक्रारींवरून ध्यानांत आलें, आणि वर्षभरांत, १९९९ सालीं, ती बाजारांतून काढून घेण्यांत आली. त्या तक्रारी कोणी केल्याच नसत्या तर?

आतां मुख्य मुद्द्याकडे वळूं. अर्जावर सही आईची किंवा बापाची असते; दावा मात्र मुलाचा असतो. पालक हा तेथें मालक नव्हे, विश्वस्त आहे. त्यांत आणखी एक कठीण गोष्ट अशी कीं, पहिलें लक्षण दिसल्यापासून तीन वर्षांच्या आंत अर्ज झाला पाहिजे, आणि मूल अज्ञान आहे एवढ्या कारणानें ही मुदत वाढत नाहीं. म्हणजे मूल सात वर्षांचें असतां आईबापांनीं दावा काढून घेतला, तर पुढें तें वयांत येऊन कितीही शहाणें झालें तरी तो दरवाजा त्याला उघडतां यावयाचा नाहीं. आमच्या ज्या वाचकांनीं भाऊबंदांच्या पोरक्या मुलाची जमीन सांभाळली असेल, त्यांस यांतील जोखीम सांगावयास नको. न्यायालयानें नेमलेल्या पालकास अज्ञानाची जमीन न्यायालयाच्या परवानगीवांचून विकतां येत नाहीं, असें आपल्याकडे १८९० च्या कायद्यानेंच ठरविलें आहे; आणि अज्ञानाच्या वतीनें चाललेला दिवाणी दावाही परवानगीवांचून सोडून देतां येत नाहीं. कायदा येथें पालकाच्या प्रेमाविषयीं शंका घेत नाहीं. थकलेला, लाजलेला किंवा रागावलेला माणूस दुसऱ्याची वस्तु किती सहज सोडून देतो, हें त्याला ठाऊक आहे.

म्हणून मुलाचा दावा सोडण्यास पालकाचा कंटाळा हें कारण पुरेसें नाहीं. हें लिहितांना आम्हांस संकोच होतो. असे दावे वर्षानुवर्षें चालतात. ज्या आईनें रात्री मुलाच्या उशाशीं बसून काढल्या तिनेंच दिवसा दवाखान्याचे कागद गोळा करावयाचे, आणि पहिली आंकडी नक्की किती वाजतां आली हें परक्या माणसांपुढें पुनः पुनः सांगावयाचें. तिचा धीर सुटला तर तिला नांव ठेवणारे आम्ही कोण? तरी पण थकलेल्यानें ओझें दुसऱ्या खांद्यावर द्यावें. तें रस्त्यांत टाकून देण्याचा अधिकार, ओझें दुसऱ्याचें असतां, त्यास नाहीं. पैशाची अडचणही येथें आड येत नाहीं, कारण दावा प्रामाणिकपणें व सयुक्तिक आधारावर केलेला असेल तर तो हरला तरी वकिलाचा खर्च त्याच निधींतून मिळावा अशी त्या कायद्यांत तरतूद आहे. रागाचेंही तसेंच. २४० दिवसांत निर्णय झाला नाहीं तर अर्ज काढून घेऊन साध्या न्यायालयांत कारखान्यावर दावा करण्याची मुभा कायद्यानें ठेविली होती, आणि कित्येकांस तो मार्ग अधिक मानाचा वाटे. परंतु लसीच्या घडणींत दोष होता एवढ्यावरून असा दावा चालणार नाहीं, असें २०११ सालीं तेथील सर्वोच्च न्यायालयानें ठरविलें. तेव्हां रागानें एका दारांतून बाहेर पडलेल्यास दुसरें दार बहुतेक लागलेलेंच आढळतें.

लाजेविषयीं मात्र आम्ही अधिक स्पष्ट बोलूं. पुष्कळ भले लोक अशा आईला म्हणतात, “बाई, तुमचें दुःख खरें, पण तुमच्या दाव्यानें लोक लसीला भितील, दुसऱ्यांचीं मुलें मरतील, तेव्हां लोककल्याणासाठीं तो काढून घ्या.” हा उपदेश आम्हांस चांगला वाटत नाहीं. जो दावा खरा आहे, किंवा खरा असल्याचें प्रामाणिकपणें वाटतें, तो दाबून टाकल्यानें लसीवरील विश्वास वाढत नाहीं. ज्या घरीं तो दाबला गेला त्या घराच्या दहा शेजाऱ्यांत कुजबूज मात्र वाढते. देवी टोचणारा आला म्हणजे पूर्वीं बायका मुलांस कणगीआड लपवीत. ती भीति, तक्रारी ऐकूनच घेतल्या नसत्या तर, अधिक लौकर गेली असती असें म्हणावयाचें काय? शिवाय लोककल्याणासाठीं द्यावयाचें तें ज्याचें त्यानें द्यावें. मुलाचा हक्क मुलास न विचारतां लोकांस दान करणें हें औदार्य नव्हे.

मग दावा काढून घेण्यास योग्य असें कारण कोणतें? आमच्या मतें एकच: जें सांगून दावा केला तें खरें नाहीं असें आईबापांस कळून आलें तर. आणि हें कारण नुसतें कल्पनेंतलें नाहीं. १९७८ सालीं शार्लोट ड्राव्हे नांवाच्या फ्रेंच डॉक्टरीणबाईंनीं लहान मुलांतील एका कठीण फेफऱ्याचें वर्णन केलें. मूल जन्मतः चांगलें असतें. पहिल्या वर्षांत, बहुधा ताप आला असतां, त्यास लांबलेली आंकडी येते. पुढें झटके वारंवार येतात आणि दुसऱ्या वर्षापासून वाढ मागें पडूं लागते. अमेरिकेंत त्रिगुणी लस दुसऱ्या, चौथ्या व सहाव्या महिन्यांत टोचतात. लसीनें एकदोन दिवस ताप येतो. तेव्हां चांगलें खेळतें मूल, सुई, ताप, आंकडी, आणि मग बिघडलेलें सारें आयुष्य, असा क्रम ज्या आईच्या डोळ्यांपुढें घडला तिनें सुईस दोष दिला, यांत तिची चूक काय? तिच्या जागीं कोणीही तेंच म्हटलें असतें.

पुढें २००६ सालीं ऑस्ट्रेलियांतील मेलबर्नचे डॉ. सॅम्युएल बर्कोविक व त्यांचे सहकारी यांनीं, लसीमुळें मेंदू बिघडला असें ज्यांच्याविषयीं समजलें जात होतें, अशा १४ रुग्णांची जनुकें तपासलीं. त्यांपैकीं ११ जणांच्या एससीएन१ए नांवाच्या एकाच जनुकांत दोष सांपडला. मेंदूंतील पेशींत सोडियमचे कण ज्या वाटेनें शिरतात ती वाट घडविण्याचें काम या जनुकाकडे असतें, आणि ड्राव्हे यांनीं वर्णिलेल्या विकाराच्या बहुतेक मुलांत तेंच बिघडलेलें आढळतें. हा बदल बहुधा आईकडूनही आलेला नसतो व बापाकडूनही नाहीं. तो त्या मुलांतच नव्यानें उत्पन्न झालेला असतो. त्यानंतरच्या अभ्यासांत असें दिसलें कीं, लसीच्या तापानें अशा मुलाची पहिली आंकडी कांहीं आठवडे अलीकडे येऊं शकते, परंतु पुढील आजाराची धांव त्यामुळें बदलत नाहीं; कारण तो ताप लसीचा नसता तर सर्दीचा किंवा दांतांच्या दिवसांतला आला असता. वॉशिंग्टनच्या न्यायालयापुढें असे कित्येक दावे आले व नामंजूर झाले. एका दाव्यांत तर मूल भरपाईस पात्र आहे असा निर्णय होऊन रक्कम ठरविण्याचें काम चाललें होतें. इतक्यांत जनुकाच्या तपासणीचा निकाल आला, निर्णय फिरला, आणि २०१३ सालीं वरिष्ठ न्यायालयानेंही तो फिरविलेला निर्णय कायम केला. त्या घरीं त्या दिवशीं काय वाटलें असेल याची कल्पनाच करावी.

आतां अशा एका आईचें म्हणणें ऐका. हें म्हणणें आम्हीच तिच्या तोंडीं घालीत आहों, पण त्याची धार बोथट करण्याची आमची इच्छा नाहीं. ती म्हणते: “मी न्यायाधीश नाहीं. सरकारकडे वकील आहेत, डॉक्टर आहेत. माझें म्हणणें खोटें असेल तर तें त्यांनीं पाडावें. निधींत पैसा पडून आहे. माझें मूल जन्मभर दुसऱ्याच्या हातानें जेवणार आहे. मी दावा काढून घेतला तर निधीला एक थेंबही वाढ होणार नाहीं, पण माझ्या मुलाचें छप्पर जाईल. सत्य बोलण्याची चैन मी माझ्या खर्चानें करावी. त्याच्या खर्चानें कां?”

हें शेवटचें वाक्य आम्हांस बरेच दिवस निरुत्तर करीत होतें. विश्वस्तानें दुसऱ्याच्या वस्तूवर उदार होऊं नये असें आम्हीच वर म्हटलें, आणि तीच गोष्ट ही आई आमच्या तोंडावर फेंकते. परंतु विश्वस्तपणाच्या विचारांतच याचें उत्तर आहे असें आम्हांस वाटतें. समजा, एका पोरक्या मुलाच्या नांवचें शेत चुलता कसतो. बांधाजवळचे दहा गुंठे मुलाचेच आहेत असें समजून त्यानें शेजाऱ्याशीं वाद मांडला आहे. मग मोजणी होते, जुना हद्दीचा दगड सांपडतो, आणि ते दहा गुंठे शेजाऱ्याचे असल्याचें चुलत्यास स्वतःस दिसतें. त्यानें वाद सोडला तर मुलाचें नुकसान झालें काय? मुलाचें होतें तें सर्व मुलाकडेच आहे. जें त्याचें नव्हतें तेवढेंच गेलें. मुलाच्या दारिद्र्यानें तो दगड हलत नाहीं. चुलता दगडावर माती लोटून “न्यायाधीशानें काय तें पाहावें” असें म्हणूं लागला, तर तो मुलाचें रक्षण करीत नसून मुलाच्या नांवानें दुसऱ्याचें शेत कसत आहे. आणि अज्ञान मुलाजवळ जमीन नसली तरी नांव असतेंच. तेंही पालकाच्या स्वाधीन केलेलें आहे.

मात्र येथें फार काळजीनें पाऊल टाकलें पाहिजे. दगड सांपडणें निराळें, आणि दगड असावा अशी शंका येणें निराळें. एखाद्या डॉक्टरनें “बहुतेक जनुकाचा दोष असेल” म्हटलें, तपासणी झालीच नाहीं, किंवा तपासणीचा अर्थ लावण्यांत जाणत्या डॉक्टरांतच मतभेद आहे, अशा वेळीं दावा काढून घेणें म्हणजे स्वतःच्या मनाच्या शांतीसाठीं मुलाचें देऊन टाकणें होय. तेथें मात्र “न्यायाधीशानें काय तें पाहावें” हें बोलणें योग्य आहे. शंका कोठें संपते व ज्ञान कोठें सुरू होतें हें बाहेरून कोणास सांगतां येणार नाहीं. आम्हांस एकच खूण सुचते: वकील जवळ नसतां, चुलीपाशीं, ती आई आपल्या सख्ख्या बहिणीला काय सांगते? तेथें “सुईनेंच झालें, मला अजून वाटतें” असें ती म्हणत असेल, तर तिनें दावा चालवावा, आणि कोणीही तिला खोटी म्हणूं नये. तेथें ती “सुईनें नव्हे ग, पण आतां काय करूं” असें म्हणत असेल, तर तोच मजकूर तिनें न्यायालयांत सांगितला पाहिजे.

या प्रश्नाची दुसरी एक बाजू आहे, आणि तिचा विचार करतांना पैशाची गोष्ट आपोआप मागें पडते. फेफऱ्यावर नेहमीं देण्यांत येणारीं कांहीं औषधें, उदाहरणार्थ कार्बामाझेपिन व लॅमोट्रिजिन, ड्राव्हेच्या विकारांत झटके कमी करण्याऐवजीं पुष्कळदां वाढवितात. खरें कारण कळलेल्या डॉक्टरास तीं टाळतां येतात. जें कुटुंब सुईच्या कारणास घट्ट धरून बसतें व दाव्याला बाध येईल म्हणून तपासणीच नको म्हणतें, तें मुलाच्या भरपाईसाठीं मुलाचेच झटके वाढवूं शकतें. तसेंच घरांतील धाकट्या भावंडांचें. थोरल्यास सुईनें बिघडविलें या समजुतीनें धाकट्यांस टोचलेंच नाहीं, आणि तीं डांग्या खोकल्याच्या वाटेवर उघडीं राहिलीं, अशीं कुटुंबें त्या देशांत थोडीं नाहींत. म्हणजे ज्या सत्यानें दावा जातो त्याच सत्यांत मुलाचें औषध आहे व भावंडांचें रक्षण आहे. आईनें त्याची चैन केली असें कसें म्हणावें?

तिच्या तक्रारीचा एक भाग तरीही शिल्लक राहतो. एकाच दवाखान्यांत दोन खाटांवर दोन मुलें आहेत. दोघांचे झटके सारखे, दोघांच्या आईचें जागरण सारखें. एकाचें कारण तक्त्यांत बसतें म्हणून त्यास जन्मभराचा खर्च मिळतो, दुसऱ्याचें बसत नाहीं म्हणून त्यास या निधींतून कांहीं मिळत नाहीं. दुसऱ्या मुलाची आई चिडली तर तिचें चिडणें रास्त आहे, आणि आम्ही तें शांत करूं पाहत नाहीं. तिला “दावा काढून घे” असें जो सांगतो, त्यानें निदान आठवड्यांतील एक रात्र तिच्या मुलाच्या उशाशीं बसावयाची तयारी ठेवावी. कारण न पाहतां केवळ गरज पाहून सांभाळ करणारी व्यवस्था समाजानें उभारली नाहीं, हा दोष त्या आईचा नव्हे. पण त्यावरील उपाय तिच्या शपथपत्रांत नाहीं.

आतां दावा काढून घेतला म्हणजे काम संपलें काय? येथें आणखी एका मोठ्या प्रकरणाची आठवण होते. १९९८ सालीं लंडनच्या ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय पत्रांत डॉ. अँड्र्यू वेकफील्ड यांचा लेख आला. त्यावरून गोवर, गालगुंड व रुबेला यांच्या लसीनें मुलें स्वमग्न होतात असा समज पसरला. अमेरिकेंतील त्या न्यायालयांत असे पांच हजारांहून अधिक अर्ज जमले. इकडे डेन्मार्कमधील ५,३७,३०३ मुलांच्या नोंदी तपासून २००२ सालीं असें दिसून आलें होतें कीं, ती लस घेतलेल्या मुलांत स्वमग्नता अधिक नाहीं. न्यायालयानें नमुन्यादाखल निवडलेले दावे २००९ व २०१० सालीं निकालांत निघाले, आणि ते सर्व अर्जदारांविरुद्ध गेले. २०१० सालींच ‘लॅन्सेट’नें तो लेख परत घेतला व डॉ. वेकफील्ड यांचें नांव इंग्लंडच्या डॉक्टरांच्या यादींतून काढण्यांत आलें. राहिलेल्या हजारों कुटुंबांपुढें मग तोच प्रश्न आला: पुढें चालवावें कीं सोडावें? पुष्कळांनीं सोडलें. परंतु लेख परत घेण्यास लागलेल्या बारा वर्षांत बोललेला शब्द घरोघर जाऊन बसला होता. वेल्समधील स्वान्सीच्या परिसरांत २०१२-१३ सालीं गोवराची सांथ आली तेव्हां बाराशेंहून अधिक रुग्णांची नोंद झाली व एक माणूस दगावला. आजारी पडलेल्यांत त्या भीतीच्या वर्षांत न टोचलेलीं मुलें पुष्कळ होतीं.

आपल्या मुंबईच्या इतिहासांतही असा एक आरोप आहे, आणि तो उलट दिशेनें शिकवितो. प्लेगची लस तयार करणारे डॉ. हाफकिन यांनीं १८९७ च्या जानेवारींत ती प्रथम स्वतःस टोचून घेतली. १९०२ च्या ऑक्टोबरांत पंजाबांतील मुल्कोवाल गांवीं त्यांच्या परळच्या प्रयोगशाळेंतील एका बाटलींतून टोचलेले १९ लोक धनुर्वातानें मेले. मृत्यु खरे होते. त्या १९ घरांचा आक्रोश खरा होता, आणि चौकशी मागणें हा त्यांचा हक्कच होता. परंतु बाटली गांवांत उघडतांना दूषित झाली असावी असा पुरावा पुढें येत असतांही दोषाचा शिक्का प्रयोगशाळेवर व तिच्या प्रमुखावर वर्षानुवर्षें राहूं देण्यांत आला. रोनाल्ड रॉस व इतर शास्त्रज्ञांनीं जाहीर निषेध केल्यावर १९०७ सालीं हाफकिन दोषमुक्त झाले. ते हिंदुस्थानांत परत आले, पण मुंबईच्या जुन्या जागेवर नव्हे, कलकत्त्यास. त्या प्रयोगशाळेला त्यांचें नांव मिळालें तें १९२५ सालीं. आरोप करण्यास एक दिवस पुरला होता. तो मागें घेण्याचें काम असें तुकड्यातुकड्यांनीं चाललें.

म्हणून आमचें मत असें कीं, आरोप जितका दूर गेला असेल तितकें त्याच्या मागें जाणें हेंही दावा काढून घेण्यांतच येतें. न्यायालयाचा कागद वॉशिंग्टनमध्यें फाइलींत पडतो. “त्यांच्या मुलाला सुईनें वेडें केलें” हें वाक्य मात्र गल्लींतच राहतें. ज्या शेजारणीनें तें ऐकून आपल्या तान्ह्याला टोचलें नाहीं, तिच्या दारीं जाऊन “आमच्या मुलाची तपासणी झाली, कारण दुसरें निघालें” एवढें सांगावें. त्यांत खालीं मान घालण्यासारखें कांहीं नाहीं. ती आई त्या वेळीं जें दिसलें तें बोलली. आतां जें कळलें तें बोलत आहे.

राहिला मुलाचा प्रश्न. ड्राव्हेच्या विकाराच्या पुष्कळ मुलांस मोठेपणींही असे कागद वाचून समजत नाहींत, “माझा पैसा कां सोडलास?” असें तीं आईस कधीं विचारणार नाहींत. विचारणारा निराळाच कोणी असतो: धाकटा भाऊ, एखादी मावशी, आईबापांच्या पश्चात् ज्याच्यावर त्या मुलाचा भार पडणार तो कोणीही. त्याच्यासाठीं पेटींत तीन कागद एकत्र बांधून ठेवावेत: केलेल्या अर्जाची नक्कल, जनुकाच्या तपासणीचा निकाल, आणि दावा कां काढून घेतला हें आईबापांनीं स्वतःच्या हातानें, तारीख घालून लिहिलेलें एक पान. त्याच पानावर खालीं, कोणतीं औषधें या मुलास द्यावयाचीं नाहींत, त्यांचीं नांवें ठळक अक्षरांत लिहावींत.